करवंदीवरचा पहारा

उन्हाळ्यात आमच्या मिसरोदच्या कॉलनीतली माणसं झाडांना पाणी घालायला पहाटे उठतात. आमच्या शेजारचे सोवनीकाका झाडाला कुणी पाणी घालू नये म्हणून उठतात.

फाटकाच्या आत वेताची खुर्ची, मांडीवर वर्तमानपत्र, हातात चहाचा कप आणि नजर रस्त्यावर. मागे, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, आमच्या-त्यांच्या सामाईक भिंतीला टेकून करवंदीची जाळी उभी. हिरवीगार, काटेरी आणि काकांच्याच उंचीची. तिच्यावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, हे काकांचं निवृत्तीनंतरचं पूर्ण वेळेचं काम. नळावर पाणी भरायला रांग लावणारी माणसं मी पाहिली होती. पाण्यावर उलटा पहारा देणारा माणूस मी इंदूर सोडून भोपाळला आल्यावरच पाहिला.

पहारा उगीच नव्हता. समोरच्या घरात दुबेभाभी राहतात. रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देऊन झालं की तांब्यात जे काही उरेल ते दिसेल त्या झाडाला घालायचं, हा त्यांचा नेम. एका वैशाखात त्या तांब्या घेऊन फाटकापर्यंत आल्या आणि काका खुर्चीतून उठले.

"भाभीजी, इसका लाड मत करो," काका म्हणाले. काका इतकी वर्षं भोपाळात राहिले, पण त्यांचं हिंदी अजून पुण्याच्या बसस्टँडवरून हललेलं नाही.

"भाईसाहब, पौधा प्यासा है. पाप लगेगा."

"मुझे लगेगा ना? लगने दो. आपका पुण्य उधर गुलाब को डालो."

भाभी गुलाबाकडे गेल्या, पण मनातून हटल्या नाहीत. पुढे कित्येक दिवस त्या संधी शोधत राहिल्या आणि काका ती मिळू देत नव्हते. दुबेजी बिचारे रोज आपल्या गच्चीतून ही चकमक बघत दात घासायचे.

काकांचं म्हणणं असं की करवंदी ही डोंगरातली, खडकातली बाई. तिला पाणी पाजलं की ती आळशी होते, पानांचा पसारा मांडते आणि फळाचं नाव घेत नाही. हिवाळ्यात तिला कोरडं ठेवायचं, चांगला ताण द्यायचा, की मग ती घाबरून फुलते आणि फळते. "लाड केले की लाकूड पोसतं, फळ नाही," हे वाक्य त्यांच्या तोंडून कॉलनीतल्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे. ज्यांना मराठी येत नाही त्यांनीसुद्धा.

या वाक्याचं मूळ कारखान्यात आहे. काका इथल्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, तेही टेस्टिंग विभागात. दुसऱ्यांनी तयार केलेल्या यंत्रावर दुप्पट भार टाकायचा आणि ते कधी बोंबलतं ते बघायचं, ही नोकरी. जन्मभर ती केल्यावर माणूस घरी आला म्हणून काय बदलतो? "लोड टाकल्याशिवाय दम कळत नाही," असं म्हणत ते जगातल्या प्रत्येक वस्तूवर लोड टाकत सुटले. टी. टी. नगरच्या बाजारात छत्री घ्यायला गेले, तर दुकानदाराच्या हातातली छत्री उघडून शेजारच्या चहावाल्याच्या नळाखाली धरून उभे राहिले. छत्री पास झाली, दुकानदार भिजला. आमच्याकडे नवीन सोफा आला तेव्हा काका अभिनंदन करायला आले आणि त्यावर धपकन तीनदा बसले. चौथ्यांदा बसणार तेवढ्यात आमचे हे मधे पडले.

त्यांच्या मुलीचं, रश्मीचं लग्न ठरायचं होतं तेव्हा मुलगा पुण्याहून बघायला आला. आम्ही सगळे पोहे-बिहे करून तयार. काकांनी त्या पोराला ऐन मे महिन्यात, भर दुपारी, शाहपुऱ्याच्या तळ्याला पायी चक्कर मारायला नेलं. छत्री नाही, टोपी नाही. काकू घरात अक्षरशः कपाळाला हात लावून बसल्या. दोघं परत आले तेव्हा पोरगा लालबुंद झाला होता, पण चक्क हसत होता. काका फाटकातूनच ओरडले, "निर्मला, पास." आज तो जावई सासऱ्याचं नाव निघालं की आधी पाणी पितो, पण माणूस खरंच चांगला निघाला, हे मान्य करायला हवं.

आणि काकांचा 'पास' म्हणजे पास, 'फेल' म्हणजे फेल. यात मधलं काही नाही. नोकरीत एकदा साहेबांनी त्यांना एका अर्धवट मशीनवर पासची सही करायला सांगितली होती. गिऱ्हाईक दारात उभं होतं म्हणे. काकांनी फेल लिहिलं. त्या सहीपायी त्यांची बढती अडली ती अडलीच. हे मला काकूंनी सांगितलं. काका स्वतः या विषयावर एवढंच बोलतात, "मशीन फेल होतं. मी काय लिहिणार, नापास मुलाचे पेढे वाटू?" 

आता करवंदीकडे येते. काकू वाईकडच्या, डोंगराच्या कुशीतल्या गावच्या. लग्न होऊन भोपाळला आल्या तेव्हा त्यांना इथलं सगळं आवडलं. तळी आवडली, कारखान्याचं क्वार्टर आवडलं, पोह्यांवरची शेवसुद्धा आवडली. एकच गोष्ट नाही आवडली. मे महिन्यात इथे काळी करवंदं नाहीत. इथल्या बाजारात मिळतो तो करौंदा, हिरवा-गुलाबी, लोणच्याचा, आंबट ढाण. डोंगरातली ती पिकून काळी झालेली, बोटांना चीक लावणारी, द्रोणातून खायची करवंदं नाहीत. "करवंदाशिवाय कसला हो मे महिना," असं त्या दर वर्षी एकदा म्हणायच्या, आणि मग वर्षभर पुन्हा विषय काढायच्या नाहीत.

काका निवृत्त झाले, मिसरोदला हे घर घेतलं, आणि त्या वर्षी ते काकूंच्या माहेरी जाऊन पिकल्या करवंदांच्या ताज्या बिया घेऊन आले. बिया वाळल्या की उगवत नाहीत, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून, सबंध प्रवासभर फडकं ओलं करत. रोपं झाली, त्यातलं जोमदार निवडलं. आपल्या इथली काळी माती पाणी धरून ठेवते, ते करवंदीला सोसत नाही. म्हणून काकांनी कमरेएवढा खड्डा खणून त्यात मुरूम आणि दगडगोटे भरले. रोप लहान होतं तोवर मापानं पाणीही घातलं. मग ते जीव धरून उभं राहिल्यावर एके दिवशी जाहीर केलं, "आता पाणी बंद. लोड येऊ दे."

यातलं कुणासाठी काय चाललंय ते काका बोलले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, प्रयोग आहे.

प्रयोग वर्षानुवर्षं चालला आणि करवंदी काही फळेना. पानं मात्र अशी की बघत राहावं. पावसाळा झाला की काका जाड हातमोजे घालून तिची वेडीवाकडी वाढ छाटायचे, हात ओरबाडून घ्यायचे, हिवाळाभर ताण द्यायचे, फेब्रुवारीत रोज भिंग घेऊन कळ्या शोधायचे. एखादा चुकार गुच्छ फुलायचा, जाईसारखा वास यायचा आणि गळून जायचा.

"हिला पाणी मिळतंय," काका म्हणायचे. "कुठून तरी मिळतंय. एवढी हिरवी राहूच शकत नाही."

मग तपास सुरू झाला. पहिला संशय अर्थात दुबेभाभींवर, म्हणून तो पहारा. दुसरा संशय आमच्या कूलरवर. कूलरचं पाणी भिंतीतून झिरपत असणार, असं म्हणून आम्हाला तो दुसऱ्या खिडकीत बसवायला लावला. तिथे ऊन थेट कूलरवर येतं, त्यामुळे दोन उन्हाळे आम्ही गरम हवा खाल्ली. तिसरा संशय जमिनीखालच्या पाइपावर. महापालिकेचा माणूस बोलावून काकांनी अर्धा रस्ता उकरायला लावला. पाइप कोरडा ठणठणीत निघाला. रस्ता मात्र बरेच दिवस तसाच होता.

खरं काय ते मला ठाऊक होतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी काकूंच्या खिडकीला तिरकी समोर येते. रोज सकाळी, काका फाटकाशी, घराकडे पाठ करून, रस्त्यावर डोळे रोखून बसलेले असताना, काकूंचा हात खिडकीच्या गजातून बाहेर यायचा. हातात पातेलं असायचं. त्यातलं तांदळाचं धुवण करवंदीच्या बुंध्याशी, दगडांच्या फटीत, आवाज न करता ओतलं जायचं. पहिल्यांदा आमची नजरानजर झाली तेव्हा काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. नंतर दुपारी येऊन मला म्हणाल्या, "वैशाली, यांना सांगू नकोस हं. आमच्याकडे धुवण मोरीत ओतत नाहीत गं. दारच्या झाडाला घातल्याशिवाय भाताला आधण ठेवत नाहीत. आणि समोर एक जीव तहानलेला दिसतोय, मी बरी भात जेवीन?"

मी कशाला सांगते? नवरा-बायकोच्या भांडणात शिरणाऱ्याला चहासुद्धा मिळत नाही, हे माझी आई सांगायची. शिवाय शेतीतलं मला कळतं कुठे? बाईच्या हातचं पाणी आहे, लाभलं तर लाभेलच, असंच मला वाटायचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि पुण्याहून रश्मीचा फोन आला. तिला दिवस गेलेले, आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. काकू बॅग भरून निघाल्या त्या बाळंतपण आटपूनच येणार होत्या. काका त्यांना गाडीत बसवून परत आले आणि मला म्हणाले, "बरंच झालं. माणसालाही अधूनमधून कोरडं ठेवावं. तब्येत सुधारते."

तब्येत सुधारत होती ती अशी. काकांनी डबा लावला. डब्यातल्या पोळ्या टेस्टमध्ये नापास झाल्या तरी मुकाट्यानं खाऊ लागले. बागेतल्या खुर्चीचं तोंड हळूहळू रस्त्याकडून घराकडे वळलं. विचारलं तर म्हणाले, तिकडून ऊन येतं. ऊन कुठून येतं ते मला माहीत नाही का? ते बंद खिडकीकडे बघत बसायचे. काकूंना फोन मात्र एक दिवसाआड, आणि तोही कामापुरता. गॅसचा नंबर कुठे ठेवलाय, मोहरीचा डबा कुठला. मोहरी या माणसाला कशाला हवी होती, देव जाणे.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. आवाज असा की मला वाटलं पडले-बिडले की काय. बाहेर येऊन बघते तर करवंदी पांढरी. शेंड्याशेंड्यांना गुच्छ, आणि वासानं आमचं अंगण भरलेलं. पानं नेहमीपेक्षा थोडी कमी, थोडी निबर दिसत होती. काका भिंग न घेता उभे होते. भिंगाची गरजच नव्हती.

"लोड," काका म्हणाले.

एप्रिलमध्ये हिरवी फळं धरली. मेच्या मध्यावर ती लाल, जांभळी होत काळ्यावर आली. रश्मीला मुलगी झाली होती, काकू जूनच्या सुरुवातीला परतणार होत्या. इतके दिवस काकांनी फळांचं काकूंना अवाक्षर सांगितलं नव्हतं. पक्ष्यांपासून वाचवायला जाळीवर जुनी मच्छरदाणी घातली आणि एका रविवारी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं. दुबेभाभी, दुबेजी, आमचे हे आणि मी. टेबलावर वाडगाभर काळीभोर करवंदं होती, पण त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. "पहिली निर्मलाची," काका म्हणाले. "तुम्ही बघा."

मग उभं राहून त्यांनी आम्हाला करवंदीचं सगळं शास्त्र ऐकवलं. तर्जनी वर, आवाज कारखान्यातला. ताण म्हणजे काय, मुळं खोल कशी जातात, लाडानं लाकूड कसं पोसतं. दुबेभाभींकडे बघून दोनदा म्हणाले, "देखा भाभीजी? पाणी नहीं दिया, तो फल दिया." भाभींनी तोंड वाकडं केलं, पण समोर वाडगाच होता, बोलणार काय. सगळं ऐकवून झाल्यावर काकांनी फोन टेबलावर उभा केला, काकूंना व्हिडिओ कॉल लावला आणि वाडगा समोर धरला.

काकू वाडग्याकडे बघत फोनच्या जवळ आल्या. मग हसल्या, मग डोळे पुसले. "आपल्या दारची?" म्हणाल्या. "आपल्या दारची करवंदं?"

"आपल्याच." काकांची छाती शर्टात मावत नव्हती. "आता ऐक, हे का झालं ते मी..."

"मला माहीत आहे का झालं ते," काकू म्हणाल्या. "आता सांगते, रागवू नका. सगळ्यांसमोर आहे ते बरंच आहे. अहो, तुम्ही तिकडे तोंड करून बसायचात ना, तेव्हा मी इकडून खिडकीतून रोज तिला धुवण घालत होते. पहिल्यापासून. एक दिवस चुकवला नाही. मी म्हणायचे, एवढ्या वर्षांचं पाणी वाया कसं जाईल? बिचारीनं फेडलंच शेवटी. तुमचं ते लोड-बीड राहू दे आता."

दुबेभाभींना एव्हाना मराठी पुरेसं कळतं. त्या खुर्चीत सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "देखा? हम तो कब से कह रहे थे."

मी काकांकडे बघत होते. त्यांची मान आधी खिडकीकडे वळली, मग करवंदीच्या बुंध्याशी, त्या दगडांच्या फटीकडे. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला लख्ख दिसलं, कारण त्याच क्षणी ते माझ्याही डोक्यात चाललं होतं. दिवाळीत काकू गेल्या. धुवण थांबलं. पहिल्यांदाच त्या झाडाचा हिवाळा कोरडा गेला. आणि पहिल्यांदाच ते फळलं. इतकी वर्षं महापालिका, कूलर, दुबेभाभी, सगळ्यांना छळून जी गळती सापडली नव्हती, ती आता फोनमधून हसत होती. काकांचं म्हणणं पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत खरं निघालं होतं, आणि पुरावा वाडग्यात होता. त्यांची तर्जनी वर गेली. मी मनात म्हटलं, आता वाजला त्या माउलीच्या कानाशी कारखान्याचा भोंगा.

तर्जनी थोडा वेळ हवेतच राहिली. मग त्यांनी त्या बोटानं चष्मा वर सरकवला.

"हो," काका म्हणाले. "तुझ्या पाण्यानंच आलंय. माझं चुकत होतं."

"काय म्हणालात?" काकूंचा विश्वास बसेना. बायकोचा कसा बसेल, लग्न झाल्यापासून हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"माझं चुकत होतं. तू घातलंस म्हणून आलं."

"अगं बाई. पण मग मी इकडे आल्यावर ती वाळली कशी नाही?"

काकांनी पुन्हा चष्मा सरकवला. "मी घालत होतो."

"तुम्ही? धुवण? अहो, तुम्ही डबा खाता. तुमच्याकडे धुवण कुठलं?"

आता मात्र काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. उभ्या आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, पहिलंच बोलायला गेले आणि दुसऱ्या पायरीवर पाय घसरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की बाई, मी नाही म्हणू शकले नाही.

"माझ्याकडून न्यायचे, काकू," मी म्हटलं. "रोज सकाळी. पातेलं घेऊन यायचे."

आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला. फोनमध्ये काकू पुन्हा डोळे पुसत होत्या, या खेपेला करवंदांसाठी नव्हे. "अहो," एवढंच म्हणाल्या, "तुम्ही ना..." आणि तेवढ्यात आत बाळ रडलं म्हणून फोन बंद झाला.

सगळे गेल्यावर मी कप उचलायला थांबले. गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही.

"काका, तुम्हाला माहीत आहे ना खरं काय ते?"

"टेस्टिंगमधला माणूस आहे मी," काका म्हणाले.

"मग?"

"मग काय सांगू तिला? इतकी वर्षं तुझं फळ तूच अडवलंस, म्हणून? ती करवंदं तिच्यासाठी लावली होती, वैशाली. तिनं ती जिवापाड जपली. माझ्याहून जास्त. तिला फेल लिहू मी?"

"पण काकू परत आल्या की पुन्हा घालणार. मग पुढच्या वर्षी एक करवंद दिसायचं नाही."

"करवंदं पुण्याच्या मंडईत मिळतात. रश्मी पाठवेल." ते बराच वेळ वाडग्यातल्या करवंदांवरून बोट फिरवत राहिले. "घर फार कोरडं झालं होतं गं," असं म्हणाले आणि माझ्या हातातला कप काढून घेऊन स्वतः विसळायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकाशी काका पातेलं घेऊन उभे. मी म्हटलं, आता हे काय?

"धुवण. तिला सांगितलंय मी घालतो म्हणून. बोललोय ते खरं नको करायला?"

आता आम्ही इंदूरकडची माणसं, पोळीभाजीवर जगणारी. रोज भात कोण करतं? पण काकूंचं परतणं होईपर्यंत मी रोज तांदूळ धुतले, आणि आमच्या घरात रोज भात झाला. भात, फोडणीचा भात, दहीभात. आमचे हे म्हणाले, तुझ्या खोट्या साक्षीची शिक्षा मी भोगतोय. काका मात्र पातेलं दोन्ही हातांत धरून, न सांडता, करवंदीकडे जायचे आणि भर उजेडात, सगळ्या कॉलनीच्या देखत, तिला पाणी घालायचे. दुबेभाभी आपल्या फाटकातून हात जोडायच्या. करवंदीला की काकांना, ते मी विचारलं नाही.

काकू आल्या त्या दिवशी पायही न धुता जाळीपाशी गेल्या. काकांनी मच्छरदाणी काढली. काकूंनी एक करवंद तोडलं, तोंडात टाकलं, डोळे मिटले. "आंबट आहे थोडं," म्हणाल्या. मग दुसरं, मग तिसरं. बोटं चिकानं चिकटली, ओठ जांभळे झाले. काका बाजूला उभे राहून नुसते बघत होते. त्यांनी स्वतः एकही खाल्लं नाही.

तेव्हापासून काकू उघड पाणी घालतात. पातेलं मोठं झालंय. दुबेभाभींच्या तांब्यालाही आता परवानगी आहे. पहारा उठला, पण वेताची खुर्ची तिथेच असते, खिडकीकडे तोंड करून. आमचा कूलर जुन्या जागी परत आला, त्याबद्दल मी त्या करवंदीची जन्माची ऋणी आहे.

यंदाचा मे आला. करवंदी हिरवीगार, पानांनी फुटायला आलेली, आणि एक फळ नाही. रश्मीनं पुण्याहून करवंदांची पेटी पाठवली. त्यातली करवंदं खात आम्ही तिघं त्यांच्या बागेत बसलो होतो. काकूंनी जाळीकडे बघितलं आणि जरा काळजीनं काकांना विचारलं, "यंदा का नाही हो आलं? पाणी कमी पडलं का?"

मी करवंद तोंडात धरून काकांकडे बघत राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या मशीनवर फेल लिहिलेला माणूस खुर्चीत पुढे झुकला, त्यानं त्या बिनफळाच्या झाडाकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाला,

"पडलं असेल. अजून घाल थोडं."